रोगप्रतिकारक पेशींच्या रिसेप्टरमार्फत औषध आत पोहोचवणे: पेशीच्या निवडीपासून पुराव्यापर्यंत

स्टेरॉइडचे इंजेक्शन शिरेतून दिले की ते रक्ताबरोबर शरीरभर पसरते. सुजलेल्या सांध्यातल्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे भक्षक पेशींना, शांत करणे एवढेच त्याचे खरे काम असते, पण वाटेत ते हाडांना, स्नायूंना आणि यकृतालाही लागते आणि त्याची किंमत रुग्ण वर्षानुवर्षे मोजतो. हेच औषध फक्त भक्षक पेशींमध्ये उतरवता आले तर मात्रा बरीच कमी होईल, या आशेवर आज अनेक प्रयोगशाळा काम करत आहेत. ही आशा जुनी आहे. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख आणि इल्या मेच्निकॉव्ह यांना विभागून मिळाले. एर्लिख यांनी नेमक्या जागी जाऊन लागणाऱ्या ‘जादूच्या गोळी’ची कल्पना मांडली होती आणि मेच्निकॉव्ह यांनी भक्षक पेशींचे कार्य दाखवून दिले होते. आपला विषय या दोघांच्या कामाच्या सांध्यावर उभा आहे.

हा लेख संशोधनाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि औषधनिर्माणशास्त्रातून रोगप्रतिकारशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी लिहिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर ती परत येणार आहे. रोगप्रतिकारक पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून धरणारे प्रथिन, हे नुसते दार नसते, त्या दाराला घंटाही असते. दार उघडताना घंटा वाजली तर आतली पेशी जागी होते, आणि मग आपण पोहोचवलेल्या औषधापेक्षा घंटेचाच परिणाम मोठा ठरू शकतो.

पहिली पायरी: पेशी नेमकी ठरवा

‘आम्हाला मॅक्रोफेजमध्ये औषध पोहोचवायचे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. यकृतातल्या कुप्फर पेशी, फुप्फुसाच्या वायुकोशांतील मॅक्रोफेज, सांध्याच्या आतल्या आवरणातील मॅक्रोफेज आणि गाठीत शिरलेले मॅक्रोफेज यांचे पृष्ठभाग वेगवेगळे असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटाही वेगळ्या असतात. म्हणून कामाच्या वहीत सर्वांत आधी एक पूर्ण वाक्य लिहावे: कोणत्या ऊतीतील, कोणत्या अवस्थेतील पेशीत, पेशीच्या कोणत्या कप्प्यात, कोणता रेणू, किती काळ हवा आहे. यातला ‘कोणत्या कप्प्यात’ हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि पुढे तोच सर्वांत महाग पडतो.

हे उदाहरणाने सांगतो. गोशे आजारात ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम पुरेसे नसल्यामुळे मॅक्रोफेजच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, एक स्निग्ध पदार्थ साचत जातो. बाहेरून एन्झाइम दिले तर ते मॅक्रोफेजपर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. त्या एन्झाइमवरच्या साखरेच्या साखळ्या छाटून टोकाला मॅनोज ही साखर उघडी केली, तेव्हा मॅनोज ओळखणाऱ्या रिसेप्टरमार्फत मॅक्रोफेज ते आत घेऊ लागले. मानवी वारेपासून मिळवलेल्या अशा एन्झाइमला १९९१ मध्ये आणि पेशीसंवर्धनातून तयार केलेल्या इमिग्लुसेरेजला १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. यात यश आले त्याचे अर्धे श्रेय मॅनोजला आहे. उरलेले अर्धे या योगायोगाला आहे की रिसेप्टर जिथे नेऊन सोडतो, त्या लायसोसोममध्येच या औषधाचे काम होते. तुमच्या औषधाचे काम पेशीद्रवात किंवा केंद्रकात असेल, तर तुमचा रस्ता याहून लांब आहे.

दुसरी पायरी: रिसेप्टरला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न संख्येचा: प्रत्येक पेशीवर किती रिसेप्टर आहेत? ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द इथे उपयोगाचा नाही. प्रमाणित मण्यांच्या साहाय्याने फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या तंत्रात, संख्या काढता येते, आणि ती काढलीच पाहिजे. दुसरा प्रश्न: तो रिसेप्टर आणखी कुठे आहे? तिसरा: जोडला गेल्यावर तो आत शिरतो का, आणि परत वर येतो का? चौथा: जोडला गेल्यावर पेशीत काय घडते? या चौथ्या प्रश्नासाठी पुढे वेगळी पायरी ठेवली आहे.

सीडी२० पाहा. (‘सीडी’ आणि पुढचा आकडा ही पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची ठरवून दिलेली नावे आहेत.) बी-पेशींवर तो भरपूर असतो, आणि रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी १९९७ पासून त्याच्याच आधारे वापरात आहे. पण सीडी२० जोडणीनंतर सहजासहजी आत ओढला जात नाही. पृष्ठभागावर राहून इतर यंत्रणांकडून पेशी मारून घेण्यासाठी ते सोयीचे असले, तरी आत माल नेण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. सीडी२२ आणि सीडी७९बी आत शिरतात, म्हणून बी-पेशींच्या कर्करोगांत विष वाहून नेणाऱ्या अँटिबॉडींसाठी ते निवडले गेले.

मॅक्रोफेजसाठी सीडी२०६, म्हणजेच मॅनोज रिसेप्टर, हा सर्वांत जास्त अभ्यासलेला पर्याय आहे. त्याची साखरेवरची पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. आत गेल्यावर एंडोसोममध्ये, म्हणजे आत ओढलेला माल वाहणाऱ्या पिशवीत, आम्लता वाढली की पकड सुटते, माल आत राहतो आणि रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. वाहतुकीसाठी याहून चांगली रचना मागून मिळणार नाही. अडचण अशी की यकृतातील रक्तपोकळ्यांच्या अस्तरपेशींवरही हा रिसेप्टर असतो, त्यामुळे शिरेतून दिलेल्या मात्रेचा मोठा वाटा तिथेच अडकतो. हिमोग्लोबिन आणि हॅप्टोग्लोबिनची जोडी गोळा करणारा सीडी१६३ आणि सक्रिय मॅक्रोफेजवर दिसणारा फोलेट रिसेप्टर बीटा हे दोन पर्यायही तपासण्यासारखे आहेत. डेंड्रायटिक पेशींसाठी, म्हणजे टी-पेशींना परके प्रथिन दाखवणाऱ्या पेशींसाठी, डीईसी-२०५ या रिसेप्टरचा अनुभव सर्वांत मोठा आहे.

आणखी एक सूचना. रिसेप्टरची संख्या पेशीच्या अवस्थेनुसार बदलते. इंटरल्युकिन-४ हे संदेशप्रथिन दिले की मॅक्रोफेजवरचा सीडी२०६ वाढतो, तर इंटरफेरॉन गॅमा आणि एंडोटॉक्सिन हे जिवाणूंच्या भित्तिकेतले विष यांनी तो कमी होतो. म्हणजे ज्या भडकलेल्या पेशीला औषधाची सर्वाधिक गरज आहे, तिच्यावरच दारे कमी असू शकतात. निरोगी पेशीवर मोजलेला आकडा आजारी ऊतीला लावू नका.

तिसरी पायरी: घंटा तपासा

२००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ या अँटिबॉडीची मानवांवर पहिली चाचणी झाली. ती टी-पेशींवरच्या सीडी२८ ला जोडली जाणारी होती. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली, आणि दोन तासांच्या आत त्रास सुरू होऊन सहाही जण सायटोकाइनच्या, म्हणजे पेशींच्या संदेशप्रथिनांच्या, लोंढ्याने गंभीर आजारी पडले. त्या अँटिबॉडीवर कोणतेही औषध बांधलेले नव्हते. जे झाले ते केवळ रिसेप्टर जोडला गेल्यामुळे झाले. टी-पेशींकडे सीडी३ मार्फत काही पोहोचवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. सीडी३ टी-पेशीचा मुख्य सक्रियक आहे आणि त्याच्यातून शांतपणे आत शिरणे अवघड आहे. सीडी५ सारखे पर्याय निवडण्यामागे हाही विचार असतो. २०२२ मध्ये सीडी५ ओळखणाऱ्या लिपिड नॅनोकणांनी उंदरांच्या शरीरातच टी-पेशींना एमआरएनए देऊन त्यांना तात्पुरत्या कार-टी पेशी, म्हणजे ठरावीक लक्ष्य ओळखून मारणाऱ्या टी-पेशी, बनवल्याचे दाखवले गेले.

घंटा नेहमी धोक्याचीच असते असे नाही. डीईसी-२०५ मार्फत डेंड्रायटिक पेशींना एखादे प्रथिन पोहोचवले आणि सोबत दुसरा कोणताही धोक्याचा इशारा दिला नाही, तर त्या प्रथिनाविषयी सहनशीलता निर्माण होते. त्याच वेळी सीडी४० चेतवले तर जोरदार प्रतिकार निर्माण होतो. लस हवी की स्वप्रतिकारक आजारावर उपचार हवा, यावर हे ठरवायचे असते, आणि माल तोच असूनही उत्तर उलटे येऊ शकते.

मालाचा आकारही घंटेवर परिणाम करतो. डेक्टिन-१ हा रिसेप्टर बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान ओळखतो. विरघळलेले बीटा-ग्लुकान त्याला जोडले जाते, पण त्यातून इशारा जवळजवळ जात नाही. तेच कणाच्या रूपात आले की पेशी खवळते. म्हणून साधा रेणू शांत राहिला म्हणजे त्याने मढवलेला नॅनोकणही शांत राहील असे गृहीत धरू नये.

प्रत्यक्षात करायचे ते असे: औषध नसलेला, पण लिगँड (रिसेप्टरला जोडला जाणारा रेणू) लावलेला रिकामा वाहक पेशींना द्या. पेशी जागी झाली का ते कळण्यासाठी मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींत टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि पृष्ठभागावरील सीडी८०, सीडी८६ मोजा, टी-पेशींसाठी सीडी६९ मोजा. हा प्रयोग औषध भरण्याच्या आधी करावा, नंतर नव्हे.

चौथी पायरी: लिगँड

पूर्ण अँटिबॉडीचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन असते, नॅनोबॉडी या एकाच छोट्या तुकड्याच्या अँटिबॉडीचे सुमारे १५. पूर्ण अँटिबॉडी रक्तात दीर्घकाळ टिकते, पण तिची एफसी शेपटी स्वतःच मॅक्रोफेजवरच्या एफसी रिसेप्टरना जोडली जाते. मग तुम्ही निवडलेल्या रिसेप्टरमुळे औषध आत गेले की शेपटीमुळे, हे सांगता येत नाही. मॅक्रोफेजसाठी काम करताना शेपटी निष्प्रभ केलेली अँटिबॉडी किंवा शेपटी नसलेला तुकडा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखरेच्या लिगँडची गोष्ट वेगळी आहे. एकट्या मॅनोजची पकड फार सैल असते, मिलिमोलर पातळीवर. पण अनेक मॅनोज योग्य अंतरावर एकत्र आले की पकड कित्येक पटींनी घट्ट होते. डेक्स्ट्रानच्या कण्यावर अनेक मॅनोज लावून तयार केलेले टिल्मानोसेप्ट याच तत्त्वावर लसीका ग्रंथींतील सीडी२०६ ला चिकटते. कर्करोग पसरण्याची पहिली ग्रंथी शोधण्यासाठी त्याला २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र जास्त लिगँड म्हणजे जास्त चांगले, असे नाही. फार दाट लिगँडमुळे रिसेप्टर एकमेकांत गुंततात, परत वर येण्याऐवजी लायसोसोमकडे जातात आणि पेशीवरची दारेच कमी होतात. तीन-चार वेगवेगळ्या घनता करून पाहाव्यात आणि मधली बहुधा जिंकते.

पाचवी पायरी: हिशोब कागदावर करा

ही पायरी अर्ध्या तासाची आहे आणि ती वगळल्यामुळे लोकांची वर्षे वाया जातात. समजा पेशीवर एक लाख रिसेप्टर आहेत, प्रत्येकाने एकदा एक अँटिबॉडी आत नेली आणि प्रत्येक अँटिबॉडीवर औषधाचे चार रेणू आहेत. एकूण चार लाख रेणू झाले. मॅक्रोफेजचे आकारमान सुमारे दोन पिकोलिटर धरले, तर आतली तीव्रता सुमारे ०.३ मायक्रोमोलर येते, आणि तीही सगळे रेणू सुटून कामाच्या जागी पोहोचले तर. डेक्सामेथासोन काही नॅनोमोलर पातळीवर काम करते, त्यामुळे हा मार्ग त्याला पुरतो. ज्या औषधाला दहा मायक्रोमोलर लागतात, ते या मार्गाने कधीच पुरणार नाही, मग रसायन कितीही सुंदर असो.

अशा औषधासाठी दोन मार्ग उरतात: पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणारा रिसेप्टर निवडणे, किंवा लिपोसोमसारखा मोठा वाहक घेणे. सुमारे १०० नॅनोमीटरच्या एका लिपोसोममध्ये औषधाचे हजारो रेणू मावतात. पण लिपोसोमबरोबर यकृत आणि प्लीहेचे लक्षही वेधले जाते, हे विसरू नये.

सहावी पायरी: दुवा आणि सुटका

औषध आणि लिगँड यांना जोडणारा दुवा रक्तात टिकला पाहिजे आणि पेशीत तुटला पाहिजे. तीन मार्ग रुळलेले आहेत. हायड्राझोन दुवा आम्लात तुटतो. व्हॅलिन-सिट्रुलिन दुवा लायसोसोममधील कॅथेप्सिन एन्झाइम तोडतात. डायसल्फाइड दुवा ग्लुटाथायोन तोडतो, कारण त्याची पेशीद्रवातली पातळी रक्तद्रवापेक्षा शेकडो पटींनी जास्त, म्हणजे मिलिमोलरमध्ये असते. सीडी३३ ला लक्ष्य करणाऱ्या जेमटुझुमॅब ओझोगामायसिनमध्ये हायड्राझोन दुवा आहे. त्याला २०००मध्ये मान्यता मिळाली, २०१० मध्ये ते बाजारातून काढून घेतले गेले आणि २०१७ मध्ये कमी व विभागलेल्या मात्रेसह परत आले. सीडी३० ला लक्ष्य करणाऱ्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिनमध्ये व्हॅलिन-सिट्रुलिन दुवा आहे आणि त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एन्झाइमने तुटणारा दुवा घ्यावा. पण मॅक्रोफेज स्वतः कॅथेप्सिन बाहेरही सोडतात, म्हणून सुजलेल्या ऊतीच्या द्रवात तो दुवा किती टिकतो, ते वेगळे मोजावे.

छोटे, स्निग्ध रेणू लायसोसोमच्या पडद्यातून आपोआप पेशीद्रवात झिरपतात. एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचे काम थांबवणारा छोटा आरएनए), एमआरएनए आणि प्रथिने झिरपत नाहीत. लिपिड नॅनोकणांतून दिलेल्या एसआयआरएनएपैकी फक्त एक ते दोन टक्के एंडोसोममधून निसटते, असे २०१३ मध्ये मोजले गेले. म्हणून न्यूक्लिइक आम्ल असेल तर आम्लात धनभारित होणारे लिपिड घेणे जवळजवळ अपरिहार्य आहे, आणि तेव्हाही हिशोबात आत गेलेल्या मात्रेचा एखादाच टक्का धरावा.

सातवी पायरी: एंडोटॉक्सिन

मी स्वतः या बाबतीत चांगलाच ठेचकाळलो आहे. आमच्या मॅनोज लावलेल्या कणांनी मॅक्रोफेजमध्ये सुरेख टीएनएफ वाढवले. कणच रोगप्रतिकार चेतवतात, असे आम्ही सहा आठवडे मानत होतो. अखेर कारण सापडले ते जोडणीसाठी वापरलेल्या प्रथिनात. ते जिवाणूंमध्ये तयार केलेले होते आणि त्यात एंडोटॉक्सिन राहिले होते. मानवी मोनोसाइट, म्हणजे मॅक्रोफेजच्या रक्तातल्या पूर्वपेशी, मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी एंडोटॉक्सिनला प्रतिसाद देतात. इतर पेशींवर काम करणाऱ्यांना जे कधी जाणवत नाही, ते इथे सगळा निकाल बदलून टाकते.

ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन नष्ट होत नाही. काचेची भांडी २५० अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास कोरडी भाजावीत. प्रत्येक घटकाची आणि तयार झालेल्या प्रत्येक घाणाची हॉर्सशू क्रॅबच्या रक्तावर आधारलेली एलएएल चाचणी करावी. पण नॅनोकण गढूळपणा आणि रंग यांमुळे ही चाचणी बिघडवतात. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत मिळते का, ते पाहावे. तसे मिळाले नाही, तर ‘एंडोटॉक्सिन नाही’ या निकालाला अर्थ नाही.

आठवी पायरी: आत गेले, याचा पुरावा

पेशी बर्फावर ठेवून अर्धा तास रंगीत वाहक द्या. या तापमानाला जोडणी होते, पण ओढून घेणे थांबते. धुऊन त्यांचे दोन भाग करा. एक भाग बर्फावरच राहू द्या, दुसरा ३७ अंशांवर ठेवून १५, ३० आणि ६० मिनिटांनी नमुने काढा. मग पृष्ठभागावर उरलेला वाहक सोडवून घ्या. सीडी२०६ ची पकड कॅल्शियमवर असल्यामुळे इथे ईडीटीए पुरते, अँटिबॉडीसाठी आम्लयुक्त ग्लायसिन द्रावण लागते. बर्फावरच्या पेशींची चमक धुण्याने जवळजवळ जावी आणि ३७ अंशांवरची वेळेनुसार वाढत राहावी. बर्फावरचीही राहिली, तर तुमचे धुणेच अपुरे आहे.

रंगाची निवड हलक्याने घेऊ नका. फ्लुओरेसिन आम्लात मंद होतो, म्हणून लायसोसोममध्ये पोहोचलेला माल कमी दिसतो आणि बाहेर चिकटलेला जास्त. आम्लात टिकणारा एक रंग आणि आम्लात उजळणारा पीएच-संवेदी रंग असे दोन्ही वापरले, तर माल कुठे आहे तेही कळते. आणि रंग म्हणजे औषध नव्हे. रंग सुटून वेगळा फिरू शकतो, म्हणून निदान एकदा पेशी फोडून औषध स्वतः मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजावे.

पुढचा प्रश्न: निवडलेल्याच रिसेप्टरमुळे आत गेले का? मॅक्रोफेज समोर येईल ते गिळतात, त्यामुळे नुसते आत जाणे हा पुरावा नाही. मोकळे मॅनान, म्हणजे मॅनोजची लांब साखळी, जास्त प्रमाणात देऊन स्पर्धा लावा. रिसेप्टरचे जनुक बंद केलेल्या पेशी घ्या. लिगँड नसलेला, बाकी सर्व बाबतींत तसाच वाहक घ्या. मॅनोजऐवजी गॅलॅक्टोज लावलेला वाहक तटस्थ तुलना म्हणून सर्रास वापरला जातो, पण मॅक्रोफेजवर गॅलॅक्टोज ओळखणारा सीडी३०१ हा रिसेप्टरही असतो, म्हणून ती तुलना तटस्थ नाही. या तिन्ही चाचण्या एकाच दिशेने बोलत नसतील, तर पुढे जाऊ नये.

नववी पायरी: शरीरात

संपूर्ण उंदराच्या चमकत्या चित्रात यकृतच उजळलेले दिसते आणि त्यावरून फारसे काही ठरत नाही. ऊती वेगळी करून तिच्या पेशी फ्लो सायटोमेट्रीने गटवार वेगळ्या कराव्यात आणि एकूण पोहोचलेल्या औषधापैकी किती वाटा लक्ष्यपेशींत आहे, ते काढावे. ‘लक्ष्यपेशींपैकी ८० टक्के पॉझिटिव्ह’ हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण त्या पेशी ऊतीत तीनच टक्के असतील, तर बहुतेक औषध दुसरीकडेच गेलेले असू शकते.

शक्य असेल तिथे औषध ऊतीच्या जवळ द्यावे, म्हणजे सांध्यात इंजेक्शन, फुप्फुसासाठी श्वासावाटे, लसीका ग्रंथींसाठी त्वचेखाली. त्वचेखाली दिलेले साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे कण लसीका वाहिन्यांतून ग्रंथींकडे जातात, त्याहून लहान रक्तात निसटतात, मोठे जागीच राहतात. रिसेप्टरचा नेमकेपणा आणि वाटेचा नेमकेपणा यांतले एकच घ्यायचे असेल, तर मी आधी वाट निवडीन.

तुलनेसाठी नेहमी तीन गट ठेवा: मोकळे औषध, लिगँड नसलेल्या वाहकातले औषध आणि लिगँडसह वाहकातले औषध, तिन्ही समान मात्रेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक नसेल, तर रिसेप्टरने काही केले नाही, परिणाम फक्त वाहकाचा होता.

शेवटी प्रजातीचा प्रश्न. डेंड्रायटिक पेशींवरच्या डीसी-साइन या मानवी रिसेप्टरला उंदरात एकच समतुल्य नाही, त्याची अनेक नातेवाईक प्रथिने आहेत. उंदराचा सीडी३३ मानवी सीडी३३ सारखा वागत नाही. टीजीएन१४१२ चा धोकाही माकडांत दिसला नव्हता. म्हणून उंदरावरचे काम वाढवण्याच्या आधीच, निदान चार-पाच वेगवेगळ्या दात्यांच्या रक्तातून मोनोसाइट काढून, एम-सीएसएफ या वाढीच्या प्रथिनात सहा-सात दिवस वाढवून मॅक्रोफेज तयार करावेत आणि त्यांवर रिसेप्टरची संख्या, आत जाण्याचा वेग आणि रिकाम्या वाहकाची घंटा या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. मिळाल्यास रुग्णाच्या आजारी ऊतीतील पेशींवरही तेच मोजावे. दात्यादात्यांत मोठा फरक दिसेल. त्याची सरासरी काढून तो झाकू नका, प्रत्येक दात्याचा बिंदू आलेखात वेगळा दाखवा.